डॉक्टरच्या घरचं काय?

आमच्या साखरा गावात जुनी माणसं प्लेगला ‘गाठीचा ताप’ म्हणायची. आजोबा सांगायचे, घरात उंदीर पटापट मरून पडले की अख्खं गाव रानात पालं ठोकून राहायचं. दवाखान्यातल्या माणसाला मात्र असं निघून जाता येत नाही. मी परभणी जिल्ह्यात आरोग्य खात्यात लागलो. १९९९ला हिंगोली वेगळा झाला आणि तिथूनच निवृत्त झालो. दवाखान्यातल्या माणसाचं साथीत काय होतं, ते मी नोकरीभर बघितलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा केला. इनमीन चार कलमं. सद्भावनेनं काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हे त्यात आहे. काम करताना रोग जडला तर काय, याबद्दल एक अक्षर नाही.

त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुल्यांनी लेकाला बोलावून घेतलं. यशवंतराव डॉक्टर होते. हडपसरच्या ससाणे मळ्यात मायलेकांनी दवाखाना मांडला. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या लेकराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. लेकरू वाचलं. १० मार्च १८९७ला सावित्रीबाई प्लेगनं गेल्या. हे आपण शाळेत शिकतो. पुढचं फार कमी जणांना माहीत असतं : प्लेगच्याच रुग्णांवर उपचार करताना १९०५ मध्ये यशवंतरावही गेले. मागं राहिलेल्या पत्नीनं अतिशय हलाखीत दिवस काढले. ज्या घरानं दोन माणसं साथीला दिली, त्या घराकडे समाजानं वळूनही पाहिलं नाही. मला हे फार लागतं.

१९१८ला मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली, देशात कोटीहून जास्त माणसं गेली. कायदा तोच राहिला.

मग २०२०चा कोरोना. एप्रिलमध्ये मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले हिंगोलीचे राखीव दलाचे जवान बाधित निघाले आणि आजार आमच्या दाराशी आला. माझी पुतणी तेव्हा एका मोठ्या शहरात, तातडीच्या विभागात होती. रात्री फोनवर म्हणायची, “काका, चष्म्यावर वाफ धरते, शीर दिसत नाही.” किट एकदा चढवलं की सहा तास पाणी नाही, लघवी नाही. हातमोज्यांच्या कडा चिकटपट्टीनं बांधलेल्या. काढले की बोटं पांढरी, सुरकुतलेली. सगळ्यात धोक्याचं काम श्वासनलिकेत नळी घालण्याचं. रुग्णाचं तोंड डॉक्टरच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब, आणि नेमका तेव्हाच त्याला खोकला येतो. मास्क पुरेसे नव्हते, तिनं एकच पाच दिवस वापरला. सहाव्या दिवशी तिला ताप आला. ती वाचली. तिच्यासोबतची एक सिस्टर वाचली नाही.

२२ एप्रिल २०२०ला वटहुकूम निघाला. डॉक्टरांना गंभीर दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. १२३ वर्षांनी का होईना, हे योग्यच झालं. पण विषाणूला कैदेची भीती नसते. ड्यूटीवर विषाणूनं माणूस गेला तर ५० लाखांचं विमा कवच होतं, तेही सगळ्यांना मिळालं नाही. नवी मुंबईतल्या एका डॉक्टरांना महापालिकेनं दवाखाना उघडा ठेवायला नोटीस दिली होती. ते कोरोनानं गेले. खासगी डॉक्टर म्हणून त्यांच्या पत्नीचा दावा नाकारला, २०२१ मध्ये उच्च न्यायालयानंही याचिका फेटाळली, आणि त्या बाईला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मला यशवंतरावांच्या पत्नीची आठवण झाली.

आयुष्यभर कागद रंगवलेला माणूस म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात कोरोनाच्या त्या दोन वर्षांत ड्यूटीवर कोण आजारी पडलं, कोण गेलं, डॉक्टर, सिस्टर, आशाताई, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, त्यांची नावं, तारखा आणि नेमलेलं काम ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून घ्या. दावा मागणाऱ्या घराकडे पुरावा मागतात, आणि तोच त्यांच्याकडे नसतो.