रायफलचे मॅगझिन : कार्य, प्रकार आणि परस्परमेळ

मुंबई-गोवा महामार्गावरील जिते, पेण या गावांच्या दक्षिणेस, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये चोरट्या मार्गाने शस्त्रसाठा उतरविण्यात आला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटमालिकेत २५७ जणांचा बळी गेला. आरडीएक्सबरोबर त्या साठ्यात एके-५६ रायफली, काडतुसे आणि मॅगझिनही होती. रायफलसोबत मॅगझिनचा वेगळा उल्लेख का केला जातो, असा प्रश्न सर्वसामान्य वाचकास पडू शकतो. मॅगझिन हा केवळ गोळ्यांचा डबा नसून रायफलच्या यंत्रणेचा सुटा होणारा भाग आहे, हे त्याचे उत्तर होय.

रचना आणि कार्य

मॅगझिनचे मुख्य भाग पाच : पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे कवच, स्प्रिंग, काडतुसे वर ढकलणारी पट्टी, तळाचे झाकण आणि वरच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. गोळी सुटल्यावर बहुतेक निमस्वयंचलित रायफलींमध्ये नळीतील वायूच्या दाबाने बोल्ट मागे जातो आणि रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. पुढे येताना तोच बोल्ट मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस नळीत सारतो. पुढची गोळी सुटण्यासाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. मॅगझिनच्या कडा किंचित वाकल्या अथवा स्प्रिंग सैल झाली, तरी काडतूस तिरके होऊन रायफल अडकते.

‘क्लिप’ आणि ‘मॅगझिन’ यांत अनेकदा गल्लत होते. क्लिप ही काडतुसे एकत्र धरणारी पट्टी असते. तिला काडतुसे वर सरकविणारी स्प्रिंग नसते. .३०३ ली-एन्फिल्डमध्ये पाच-पाच काडतुसांच्या क्लिप वरून रिकाम्या करून दहा गोळ्यांचे मॅगझिन भरतात. ही रायफल निमस्वयंचलित नव्हे. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो.

एकाचे दुसऱ्यास का चालत नाही?

पहिला अडसर काडतुसाचा. इशापूर येथे बनलेल्या एसएलआरचे काडतूस ७.६२ × ५१ मिलिमीटरचे, तर एके-४७चे ७.६२ × ३९ मिलिमीटरचे. व्यास नावापुरता सारखा असला, तरी लांबी व आकार भिन्न आहेत. एकेचे काडतूस टोकाकडे निमुळते होत जाते. अशी काडतुसे एकावर एक रचली की चळत आपोआप वाकते. त्यामुळेच तिचे ३० गोळ्यांचे मॅगझिन वक्र, तर एसएलआरचे २० गोळ्यांचे मॅगझिन जवळजवळ सरळ असते.

दुसरा अडसर जोडणीचा. एकेचे मॅगझिन पुढचे टोक आधी अडकवून मागे फिरवत बसवितात; अमेरिकी एम-१६चे सरळ वर ढकलतात. इन्सास आणि एम-१६ या दोन्हींत ५.५६ × ४५ मिलिमीटरचे काडतूस चालते, तरीही त्यांची मॅगझिन एकमेकांना बसत नाहीत. एसएलआरच्या मूळ घराण्यातही हा भेद आहे. ब्रिटिश एल-१ए-१चे मॅगझिन पुढील मोठ्या खुंटीमुळे युरोपीय एफएएलमध्ये बसत नाही. ‘नाटो’ने १९८० मध्ये ५.५६ मिलिमीटरच्या मॅगझिनसाठी समान मानक सुचविले. त्याला औपचारिक मान्यता मिळाली नाही, पण अनेक देशांनी ते व्यवहारात स्वीकारले.

तिसरा फरक शेवटच्या गोळीनंतर दिसतो. एम-१६मध्ये रिकाम्या मॅगझिनची पट्टी खटका उचलून बोल्ट मागेच रोखते. पारंपरिक एकेमध्ये ही सोय नाही. चाप ओढल्यावर गोळी सुटली नाही, तेव्हाच मॅगझिन संपल्याचे कळते.

सामग्रीचे महत्त्व

इन्सासच्या अर्धपारदर्शक प्लॅस्टिक मॅगझिनमधून उरलेल्या गोळ्या बाहेरून दिसतात. मात्र १९९९च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत ही मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. पत्र्याचे मॅगझिन असे तडकत नाही; ते आपटल्यास पोचते, गंजते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांच्या हाती एके रायफली होत्या. रेल्वे पोलिसांकडील .३०३मध्ये दहाच गोळ्या मावत आणि प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढावा लागे. त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. शस्त्रांतील ही तफावत त्यानंतर ऐरणीवर आली आणि पोलीस दलांच्या आधुनिकीकरणास वेग आला.

एकाच दलात .३०३, एसएलआर, इन्सास आणि एके असतील, तर चार तऱ्हांची मॅगझिन आणि चार तऱ्हांची काडतुसे साठवावी लागतात. ऐन चकमकीत एका शिपायाचे भरलेले मॅगझिन शेजाऱ्याच्या रायफलीस निरुपयोगी ठरू शकते. नव्या रायफलीची निवड म्हणूनच काडतुसांचे कारखाने, भांडारे आणि प्रशिक्षण यांच्याशी बांधलेली असते.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘शस्त्रे’ या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. स्वयंचलित शस्त्रे नागरिकांना निषिद्ध आहेत, आणि शस्त्र नियम, २०१६ नुसार बहुतांश निमस्वयंचलित रायफलीही निषिद्ध वर्गात मोडतात.