न तिंबलेल्या पावाची कुळकथा



पोळीचे पीठ आपण मळतो, आणि हाताला अधिक जोर दिला की ते तिंबतो. एखाद्याला यथेच्छ चोप मिळाला तर त्याची कणीक तिंबली असेही आपण म्हणतो. पिठाला मार बसल्यावाचून त्यातून चांगले काही निष्पन्न होत नाही, ही समजूत आपल्या भाषेतच इतकी मुरलेली आहे की, पीठ मुळीच न तिंबता उत्तम पाव होतो असे कोणी सांगितले तर घरातील वडीलधारी बाई प्रथम हसेल. मीही हसलो होतो. पुढे या प्रकाराचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की प्रश्न केवळ पाककृतीचा नाही. पावामागे कोणाचे हात राबले, किती तास राबले, असा तो प्रश्न आहे.

पीठ मळण्याचे कष्ट फार जुने. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तच्या लोकांविषयी मोठ्या नवलाने लिहितो की, हे लोक चिखल हाताने मळतात आणि कणीक पायाने. त्यानंतर तीनशे वर्षांनी रोमच्या केटोने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात पावाची कृती अवघ्या चारसहा वाक्यांत आहे: हात स्वच्छ धुवावे, परातही धुवावी, पाणी थोडेथोडे घालावे, पीठ चांगले मळावे आणि मातीच्या झाकणाखाली भाजावे. यातील झाकण श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पायाने तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आपल्याकडे अजूनही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. ती खरी नव्हे. पाव हा पोर्तुगीज शब्द. तो गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि गोव्याचा पोदेरही पोर्तुगीज 'पादेरो'चाच वंशज. तेथील पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ फुगवून पाव केला, तो लोकांनी चवीने खाल्ला, आणि त्याच वेळी विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथाही साष्टीपासून वसईपर्यंत पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. पायाची ती खोटी व्युत्पत्ती अशाच किळसेतून जन्मली असावी असे मला वाटते. असो.

ही किळस केवळ आपलीच नव्हती. 1862 साली लंडनमध्ये ट्रेमेनहीर नावाच्या सरकारी आयुक्ताने पाव भाजणाऱ्या कामगारांच्या तक्रारींची चौकशी केली, आणि त्याच्या अहवालाने शहर हादरले. जमिनीखालच्या तळघरात, कोंदट उष्म्यात, रात्री अकराच्या सुमारास हा कामगार पीठ मळावयास उभा राही. अर्धापाऊण तास अंगमेहनत करून मोठाले गोळे मळून झाले की त्याच फळीवर, एक पोते अंगाखाली आणि दुसरे उशाला घेऊन तो दोनएक तास आडवा होई, आणि उठून पहाटेपर्यंत भट्टीशी झुंजे. बेचाळीस वर्षांचे वय गाठणारे त्यांच्यात विरळा. त्याचा घाम पिठात पडे. कोळिष्टके आणि झुरळेही पडत. तुरटीची भेसळ निराळीच. पुढे कार्ल मार्क्सने आपल्या 'भांडवल' ग्रंथात या अहवालाचा भरपूर उपयोग केला. पार्लमेंटने मात्र 1863 साली एवढाच कायदा केला की, अठरा वर्षांखालील मुलांस रात्री नऊ ते पहाटे पाच कामास लावू नये, आणि भट्टीघरे स्वच्छ ठेवावी. प्रौढ माणसाची रात्र त्याची त्यालाच लखलाभ.

यावर एक तोड डॉ. जॉन डॉग्लिश या वैद्यकाने काढली होती. 1856 साली त्याने पेटंट घेतले: यीस्ट नको, हात नको, कर्बवायू दाबाने पाण्यात भरून ते पाणी बंद यंत्रात पिठाशी कालवावयाचे. 1862 साली त्यासाठी कंपनीही निघाली. पाव स्वच्छ होता खरा. परंतु आंबवण्यातून येणारी चव त्यात असणे शक्यच नव्हते. श्रम वाचवावयाचे तर माणसाच्या जागी यंत्र आणावे, ही त्या शतकाची विचारसरणी. श्रमच अनावश्यक आहेत काय, हे कोणी विचारले नाही.

तो प्रश्न विचारला गेला तोही एका चुकीतून. डोरिस ग्रँट ही 1905 साली जन्मलेली स्कॉटिश बाई. तरुणपणी तिला संधिवाताने ग्रासले. आहार बदलल्याने आपण बऱ्या झालो अशी तिची श्रद्धा होती. कोंड्यासकट गव्हाचा पाव घरी करावयास शिकताना मळण्याची पायरी तिच्याकडून अनवधानाने राहून गेली, आणि बरेच दिवस ती चूक तिला उमगलीही नाही. उमगली तेव्हा तिने रीतसर मळून पाव केला, तो आधीच्या पावाहून निकृष्ट निघाला! 1944 साली तिने आपल्या पुस्तकात ही कृती प्रसिद्ध केली. त्या वेळी इंग्लंडमध्ये युद्धाची टंचाई होती. समुद्रमार्गे गहू आणण्यात जहाजे अडकू नयेत म्हणून सरकारने 1942 पासून शेकडा 85 भाग गहू राखणाऱ्या पिठाचा करड्या रंगाचा 'नॅशनल लोफ' सर्वांच्या गळी उतरवला होता, आणि लोक कुरकुरत होते. अशा काळात दिवसभर राबून आलेल्या बाईला, पीठ, कोमट पाणी, यीस्ट आणि मीठ कालव, साच्यात ओत, वीसएक मिनिटे फुगू दे आणि भाज, असे सांगणारी डोरिस ग्रँट जवळची वाटली नसती तरच नवल.

तिचे सगळेच मत मानावे असे नाही. पिष्टमय आणि प्रथिनयुक्त अन्न एका जेवणात एकत्र करू नये, हा तिचा पुढचा आग्रह शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. परंतु पावाबाबत तिचा अनुभव खरा होता. गव्हातील ग्लुटेन या चिवट द्रव्याचा शोध बोलोन्याच्या बेक्कारीने अठराव्या शतकात लावला. वायूचे बुडबुडे धरून ठेवणारे जाळे त्याचेच. कोंड्याचे धारदार कण ते जाळे कापतात, म्हणून कोंडायुक्त पीठ कितीही मळले तरी पदरात थोडेच पडते.

पांढऱ्या पिठाची गोष्ट निराळी, आणि तेथे इतिहासाच्या दोन वाटा फुटल्या. पहिली 1961 सालची. लंडनजवळच्या चॉर्लीवुड येथील संशोधकांनी पीठ अतिवेगवान यंत्रात चारपाच मिनिटांत असे काही घुसळले की तासन् तास आंबवण्याची गरजच उरली नाही. जादा यीस्ट, थोडी चरबी आणि क जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने इंग्लंडचा दुबळा गहूही कामी आला. पाव स्वस्त झाला, मऊ झाला. ब्रिटनमधील बहुतांश पाव आजही याच रीतीने होतो. कणीक तिंबण्याची ही परमावधी.

दुसरी वाट न्यूयॉर्कच्या जिम लेहीची. 8 नोव्हेंबर 2006 रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मार्क बिटमनने त्याची कृती छापली. तीन कप मैदा, पाव चमचा यीस्ट, सव्वा चमचा मीठ आणि दीड कपाहून किंचित अधिक पाणी. नुसते कालवावयाचे आणि बारा ते अठरा तास झाकून स्वस्थ बसावयाचे. पाणी भरपूर असल्याने ग्लुटेनचे धागे आपोआप एकमेकांस बिलगतात, आणि वाढते बुडबुडे त्यांना आतून ताणतात. मनगटाचे काम वेळ करते. भाजणे तापलेल्या जड झाकणाच्या भांड्यात, म्हणजे पिठाची वाफ आतच कोंडून कवच खुसखुशीत होते. केटोचे झाकण ते हेच.

आपल्या हवेत मात्र घड्याळ बदलावे लागते. लेहीचे तास एकवीस अंश उष्णतेचे आहेत. कोकणपट्टीत किंवा वैशाखातल्या हैदराबादेत रात्री कालवलेले पीठ सकाळी सात-आठ तासांतच बुडबुड्यांनी भरते. अधिक ठेवले तर आंबूस होऊन पसरते. घरची कणीक वापरावयाची तर पाणी थोडे वाढवावे, कारण ती मैद्याहून अधिक पाणी पिते. बिडाचे भांडे झाकणासकट अर्धा तास ओव्हनमध्ये 230 अंशांवर तापवावे, हाताला चिकटणारा तो गोळा त्यात अलगद सोडावा, अर्धा तास झाकून आणि वीसएक मिनिटे उघडा भाजावा. बाहेर काढल्यावर कवच तडतडते. तो आवाज ऐकत बसावे, आणि तासभर तरी सुरी लावू नये. आमच्या घरी हा तास कोणी पाळत नाही.