गंगोत्रा : ओढा आटू लागला की फुलणारी रानवनस्पती

पावसाळा संपतो, ओढ्याचं पाणी ओसरतं आणि काठची ओली माती उघडी पडते. हिवाळ्यात याच ओल्या पट्ट्यात गुलाबी-जांभळ्या, बारीक फुलांचे गुच्छ दिसतात. तो गंगोत्रा. काही ठिकाणी त्याला गंगोत्रीही म्हणतात. पालघर जिल्ह्यात सफाळ्याजवळ तांदुळवाडीचा डोंगर आहे. अशा डोंगरांतून उतरणारे ओढे ही गंगोत्रा शोधायची जागा.

कसा ओळखायचा?

गंगोत्रा साधारण गुडघ्याइतका वाढतो आणि लहान झुडपासारख्या फांद्या फुटतात. पानं खोलवर कातरलेली, लवदार असतात. पान चुरगळलं की उग्र सुवास येतो. झाड एकाच हंगामाचं असतं. उन्हाळ्यात ते वाळून जातं आणि पुढची पिढी बियांतून येते.

सूर्यफुलाचा नातेवाईक

गंगोत्रा सूर्यफुलाच्या कुळातला, पण त्याला सूर्यफुलासारख्या मोठ्या पाकळ्या नसतात. आपल्याला एक फूल वाटतं तो खरं तर अनेक सूक्ष्म फुलांचा गोल गेंद असतो. बी धरते ती कडेच्या मादी फुलांना.

शास्त्रीय नाव सायथोक्लाइन पर्प्युरिया. 'पर्प्युरिया' म्हणजे जांभळी. डेव्हिड डॉन यांनी १८२५ साली नेपाळच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिचं वर्णन वेगळ्या नावाने केलं होतं. सध्याचं नाव १८९१ मधलं आहे. भारतापासून दक्षिण चीनपर्यंत ती मुळचीच आहे.

रानमोडीशी गल्लत नको

ओढ्याकाठी, रस्त्याकडेला आणि जंगलाच्या कडेने आणखी एक झुडूप दिसतं, ते म्हणजे रानमोडी. तीही याच कुळातली आणि तिच्याही पानांना उग्र वास येतो. पण ती अमेरिकेतून आलेली आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. रानमोडी माणसाच्या उंचीपर्यंत किंवा त्याहून जास्त वाढते. पानं त्रिकोणी, ठळक तीन शिरांची असतात. फुलं पांढरट किंवा फिकट जांभळी असतात आणि बिया वाऱ्यावर उडतात. ओढ्याकाठची सफाई करताना उपटायची ती रानमोडी. कातरलेल्या पानांचा बुटका गंगोत्रा तसाच ठेवायचा.

धोका कशाचा?

गंगोत्र्याला दरवर्षी नव्याने रुजावं लागतं आणि त्यासाठी ओलसर, उघडी माती लागते. काठाला सिमेंटची भिंत घातली, पात्रात भराव टाकला किंवा बी पडण्याआधीच काठ खरवडला, तर पुढच्या हिवाळ्यात तिथे उगवायला काही उरत नाही. झाड तोडलेलं कुणाला दिसत नाही, फक्त फुलं येणं थांबतं.

त्यामुळे हिवाळ्यात ओढ्याकाठी हा जांभळा पट्टा दिसला तर फोटो जरूर काढावा, झाड मात्र उपटू नये. बी पडू दिलं आणि काठ मातीचा राहिला, तर गंगोत्रा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.