पाप, गुन्हा आणि कलम 377

भारतीय दंड संहितेतल्या कलम 377 चे मूळ ख्रिस्ती धर्मन्यायालयांत सापडते. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापर्यंत पुरुषांमधला शरीरसंबंध हे पाप होते आणि त्याचा निवाडा चर्चची न्यायालये करीत. पोपशी बिनसलेल्या आठव्या हेन्रीने 1533 मध्ये कायदा करून ही प्रकरणे राजाच्या न्यायालयांकडे घेतली आणि शिक्षा ठेवली फाशीची. यात नीतीची चाड किती होती आणि चर्चचे अधिकार काढून घेण्याची घाई किती, हा प्रश्नच आहे. कन्या मेरीने 1553 मध्ये तो कायदा रद्द केला, तर एलिझाबेथने 1563 मध्ये पुन्हा आणला. लंडनच्या न्यूगेट तुरुंगासमोर 1835 मध्ये जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ यांना याच गुन्ह्यासाठी फाशी झाली. इंग्लंडमधली ती अशी शेवटची फाशी. 1861 मध्ये फाशीची तरतूद गेली आणि कैदेची आली.

त्याच सुमारास हा गुन्हा भारतात आला. भारतीय दंड संहितेच्या मेकॉलेने केलेल्या 1837 च्या मसुद्यात कलमांवर ऐसपैस टिपणे आहेत. हे कलम मात्र त्याने चर्चेविनाच पुढे सरकवले. ज्या विषयावर बोलणेही अशोभनीय, त्यावर भाष्य काय करायचे, असा त्याचा सूर होता. दंड संहिता 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. सतराव्या शतकातले कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी या गुन्ह्याची व्याख्या करताना परमेश्वराची आज्ञा आणि निसर्गाचा क्रम अशा दोन्हींचा आधार घेतला होता. भारतीय कलमातून परमेश्वर वगळला गेला, निसर्गक्रम तेवढा उरला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. दोघांची संमती होती की नव्हती, हे कलम विचारतच नसे.

कलमाचा वापर कसा होई, हे 1884 च्या खैराती खटल्यात दिसते. वायव्य प्रांतात खैराती नावाची व्यक्ती बायकांचा पोशाख करून बायकांमध्ये गाणे म्हणताना पोलिसांना दिसली. वैद्यकीय तपासणी झाली आणि सत्र न्यायालयाने शिक्षा ठोठावली. गुन्हा कधी, कुठे, कोणाबरोबर घडला, याचा मात्र पत्ता नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने याच कारणावरून खैरातीला सोडले. अशा ‘घाणेरड्या’ प्रकारांना आळा घालण्याची अधिकाऱ्यांची इच्छा योग्यच आहे, हे सांगायला मात्र न्यायमूर्ती विसरले नाहीत. पुढल्या सव्वाशे वर्षांतही या कलमाची खरी ताकद शिक्षेत नव्हती. पोलिसांनी हटकणे, पैसे उकळणे आणि घरी कळवण्याची धमकी देणे, यांतच ती होती.

महाराष्ट्रात हा विषय न्यायालयात आला तो अश्लीलतेच्या आरोपातून. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर 1934 मध्ये खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही समावेश होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर शास्त्रीय लेखन करणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही आणि कर्व्यांना दंड झाला.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. सरकारने 1954 मध्ये नेमलेल्या वुल्फेंडन समितीने 1957 च्या अहवालात सांगितले की, प्रौढांनी संमतीने खासगीत केलेल्या गोष्टींशी फौजदारी कायद्याचा संबंध नाही. कायदा बदलण्याच्या बाजूने अँग्लिकन चर्चमधलीही मंडळी होती, आणि तीही हे पापच आहे असे मानत असताना. पाप आणि गुन्हा हे दोन वेगळे हिशेब आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे. उलट बाजू मांडली ती एका न्यायाधीशाने. लॉर्ड डेव्हलिन यांनी 1959 च्या व्याख्यानात म्हटले की, समान नीतिकल्पनांवाचून समाज टिकत नाही, म्हणून त्यांचे रक्षण करण्याचा कायद्याला हक्क आहे. प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी ते खोडून काढले: बहुसंख्यांना किळस येते, हे शिक्षेचे कारण होऊ शकत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1967 मध्ये कायदा बदलला. उत्तर आयर्लंडमध्ये इयन पेस्ली या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक-पुढाऱ्याने बायबलच्या नावाने मोहीम उभारली. तिथे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या 1981 च्या निकालानंतर, 1982 मध्ये बदल झाला.

भारत तोवर स्वतंत्र झाला होता आणि कलम जागच्या जागी होते. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. तिहार तुरुंगात निरोध वाटू न दिल्यावरून 1994 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कलमाविरुद्ध पहिली याचिका झाली. विधी आयोगाने 2000 मध्ये कलम काढण्याची शिफारस केली. ती कागदावरच राहिली. नाझ फाउंडेशन या संस्थेची याचिका 2001 मध्ये त्याच न्यायालयात दाखल झाली आणि 2 जुलै 2009 रोजी न्या. अजित प्रकाश शहा व न्या. एस. मुरलीधर यांनी प्रौढांमधले संमतीचे संबंध कलमाबाहेर काढले. लोकनीती नव्हे तर संवैधानिक नीती प्रमाण, हा निकालाचा गाभा. ही कल्पना आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मांडली होती.

निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी मोठी मासलेवाईक आहे. एक ज्योतिषी, ख्रिस्ती संघटना, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा एकाच बाजूला उभे होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांना व्हिक्टोरियाच्या काळातल्या कलमाने एकत्र आणले. केंद्र सरकारने स्वतः अपील केले नव्हते. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केले: या कलमाखाली दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले, बाधित लोक मूठभर, आणि बदल करायचा तर संसदेने करावा.

संसदेने काय केले? 18 डिसेंबर 2015 रोजी शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडू पाहिले. खासगी विधेयक मांडायला सहसा कोणी हरकत घेत नाही, मग ते पुढे धूळ खात पडते. इथे मांडण्यावरच मतदान झाले: बाजूने 24, विरोधात 71. 545 जागांच्या सभागृहात शंभर जणांनीही मत नोंदवले नाही. मार्च 2016 मध्ये पुन्हा तेच झाले, 14 विरुद्ध 58. सर्व धर्मांचा मान राखतो म्हणणाऱ्या कायदेमंडळाची सहिष्णुता सर्व धर्मांचे पुढारी एकत्र नाराज होतील तिथे संपली, हे या आकड्यांवरून म्हणता येते.

नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यावर 2013 च्या निकालाला फारसा आधार उरला नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. सरकारने त्यावर भूमिका न घेता निर्णय न्यायालयावर सोपवला होता. काही ख्रिस्ती संघटना अखेरपर्यंत विरोधात राहिल्या. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने हा गुन्हा नाही हे मान्य केले, समलिंगी विवाह मात्र निसर्गाला धरून नाही असे सांगितले.

वाद मग विवाहावर आला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022 मध्ये 1954 च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी विवाहाचा मूलभूत हक्क नाही असे ठरवून चेंडू संसदेकडे टोलवला. संसदेने विवाहाबाबत काही केले नाही. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 377 ला पर्यायच ठेवला नाही. संमती नसलेल्या कृत्यांसाठी ते ठेवावे, ही संसदीय स्थायी समितीची शिफारसही बाजूला पडली. त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी नव्या संहितेत स्वतंत्र कलम नाही.