दहा जणींनी ओळखलेला माणूस



चोरी झाली, फसवणूक झाली, की गावात पहिला प्रश्न असतो, "कुणी पाहिलं का?" आणि एखादी म्हणाली, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," की आपण म्हणतो, झालं, आता आणखी पुरावा कशाला? पण डोळ्यांनी पाहिलेलं चुकू शकतं का? खरं बोलणारी बाईसुद्धा चुकीच्या माणसाकडे बोट दाखवू शकते का? सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये असा एक खटला झाला. त्यात फसलेल्या बायकाच होत्या आणि साक्ष देणाऱ्याही त्याच. म्हणून आज तो समजून घेऊ.

त्या काळी लंडनमध्ये एक भामटा एकट्यादुकट्या बाईला गाठायचा. आपण मोठे लॉर्ड आहोत, म्हणजे आपल्याकडच्या सरदार-जहागीरदारासारखे, असं सांगायचा. गोड बोलून घरी यायचा, नवे कपडे घे म्हणून चेक लिहून द्यायचा. मग म्हणायचा, तुझी अंगठी मापाला दे, याहून भारी घडवून आणतो. अंगठी, घड्याळ घेऊन जो जायचा तो जायचाच. बँकेत गेल्यावर कळायचं की चेक खोटा. दागिने उजळून देतो म्हणून दारात येणारे आपल्याला ठाऊक आहेत, त्यातलाच हा प्रकार.

१६ डिसेंबर १८९५ या दिवशी अशीच फसलेली एक बाई भर रस्त्यात एका माणसाला म्हणाली, "तुम्हीच माझे दागिने नेलेत." त्याचं नाव अडॉल्फ बेक. तो नॉर्वेचा होता आणि लंडनमध्ये राहत होता. पोलिसांनी त्याला धरलं आणि पूर्वी तक्रार केलेल्या बायकांना बोलावलं. रस्त्यावरची आणखी काही माणसं आणून बेकला त्यांच्या रांगेत उभं केलं. पण पिकलेले केस आणि मिशा असलेला त्या रांगेत तो एकटाच. भामट्यालाही मिशा होत्या. मग बोट कुणाकडे जाणार? एक, दोन, तीन करत दहा बायकांनी बेकला ओळखलं.

१८७७ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या माणसाला हुबेहूब अशाच फसवणुकीबद्दल शिक्षा झाली होती. त्याला पकडणारा एक शिपाई आता म्हणाला, तो स्मिथ हाच. मध्ये अठरा वर्षं गेलेली! खरं तर १८७७ मध्ये बेक दक्षिण अमेरिकेत होता. पण न्यायाधीश म्हणाले, तो जुना विषय या खटल्यात काढायचा नाही. मार्च १८९६ मध्ये बेकला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

बेक अर्जावर अर्ज करत राहिला. १८९८ मध्ये सरकारला जुन्या नोंदींवरून कळलं की स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नाही. म्हणजे दोघे एक नव्हेतच. तरी त्याला सोडलं नाही. दहा जणी सांगतात, मग खोटं कसं असेल?

१९०१ मध्ये तो सुटला. १९०४ मध्ये पुन्हा तीच फसवणूक, पुन्हा बेकलाच अटक. या वेळी पाच बायकांनी त्याला ओळखलं. मात्र न्यायाधीशांना शंका आली आणि त्यांनी शिक्षा सुनावणं पुढे ढकललं. बेक कोठडीत असतानाच, जुलै महिन्यात, बायकांच्या अंगठ्या गहाण ठेवताना एक माणूस सापडला. खरा भामटा तोच. बेकला माफी मिळाली आणि ५,००० पौंड भरपाई मिळाली. पण गेलेली वर्षं कोण भरून देणार?

आता विचार करा, त्या बायका खोटं बोलल्या का? नाही. त्यांची फसवणूक खरी होती, त्यांचा रागही खरा होता. मग चूक कुठे झाली?

आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो. तशी ती नसते. आपण जेव्हा आठवतो तेव्हा ती पुन्हा जुळवतो, आणि मधल्या काळात ऐकलेलं, पाहिलेलं तिच्यात मिसळतं. रांगेत एकदा बेककडे बोट दाखवलं की पुढे डोळ्यांसमोर बेकचाच चेहरा येणार. खात्री वाढत जाते, पण आठवण काही जास्त खरी होत नाही.

प्रश्न कसा विचारला यानेही फरक पडतो. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या धडाडून आदळल्या तेव्हा वेग किती? दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती!

बेक प्रकरणाची चौकशी झाली आणि १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये गुन्हेगारी अपिलांसाठी वेगळं न्यायालय करण्याचा कायदा झाला. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम १३४ मध्ये सांगितलं होतं की एखादी गोष्ट सिद्ध करायला ठराविक इतके साक्षीदार हवेत असं नाही. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. म्हणजे साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. ओळख परेडमध्येही आरोपीसारखी दिसणारी माणसं सोबत उभी करायची असतात, आणि परेडआधी साक्षीदाराला आरोपी दिसू द्यायचा नसतो, तो याचसाठी.

मग आपण काय करायचं? गटाचे पैसे मोजले की आपण लगेच वहीत लिहितो, कारण महिन्याने आठवून लिहिलं तर भांडण होतं. घटनेचंही तसंच. जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहा किंवा लिहून घ्या. दोघी-तिघींनी पाहिलं असेल तर आधी आपापलं वेगवेगळं सांगा, मग एकमेकींशी बोला. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून "हाच ना गं?" असं विचारू नका. आणि पोलिसांनी विचारलेलं आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही, तीही खरी साक्षच आहे.

तक्रार करायला मात्र बिचकू नका. फसवणूक झाली हे सांगायचंच. "हाच तो" म्हणताना मात्र सावकाश. बेक तुरुंगात होता तोवर खरा भामटा मोकळाच होता, आणि १९०४ मध्ये आणखी बायकांच्या अंगठ्या गेल्या. चुकीचा माणूस आत जातो तेव्हा खरा आपल्यातच फिरत राहतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.