साबणाची पंधरा मिनिटं

कुत्रा चावला की जखम वाहत्या नळाखाली धरायची, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. इतका साधा उपाय पूर्वापार चालत आला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात साबणाला हा मान मिळून शंभर वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी चाव्याच्या वाट्याला यायची ती डागणी.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशावर उपचार आहे: रक्त काढून टाकावं आणि कढत तुपाने जागा भाजावी. रोगी पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, हेही तिथे नोंदवलं आहे. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने तुंबडीने विष ओढून जागा डागायला सांगितलं. जे करायचं ते चाव्याच्या जागीच, हे दोन्हीकडच्या वैद्यांना उमगलं होतं. साधन मात्र जीवघेण्या वेदनेचं होतं.

1831 साली फ्रान्समधल्या आर्ब्वा भागात पिसाळलेल्या लांडग्याने माणसांचे लचके तोडले. जखमा डागून घ्यायला लोक लोहाराकडे धावले. तो प्रकार पाहणाऱ्यांत आठ वर्षांचा लुई पाश्चर होता. पुढे 6 जुलै 1885 रोजी त्याच पाश्चरच्या देखरेखीखाली कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला रेबीजची लस टोचली गेली, आणि ती गोष्ट जगभर गेली. मायस्टरच्या जखमा चाव्यानंतर बारा तासांनी कार्बोलिक आम्लाने जाळल्या होत्या, हे मात्र त्या गोष्टीतून बहुधा गळतं.

म्हणजे लस आली तरी डागणी गेली नाही. तापलेल्या सळईची जागा आम्लाने घेतली, एवढंच. भारतात 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. कसौलीतच डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांचा आपल्याकडचा धसका तिचाच.

साबणाची खरी परीक्षा 1943 साली झाली. अमेरिकेत शॉनेसी आणि झिचिस यांनी गिनिपिगांच्या जखमांत रेबीजचा विषाणू सोडला. काही जखमा तीव्र नायट्रिक आम्लाने जाळल्या, काही साबणाच्या पाण्याने धुतल्या. साबण आम्लापेक्षा तसूभरही उणा ठरला नाही! 1960च्या दशकातल्या प्रयोगांनीही जखम धुण्याचं महत्त्व पक्कं केलं. कारण विषाणूच्या बांधणीतच आहे. त्याच्यावर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. साबण ते विरघळवतो आणि पाणी लाळ वाहून नेतं. मज्जातंतूत शिरण्याआधी विषाणू काही काळ जखमेतच असतो, म्हणून ही घाई.

आणि तरीही घरोघरी चाव्यावर तिखट, चुना, हळद दाबली जाते, हे पाहून जीव तुटतो. त्याने जखम चिघळते आणि धुण्याची वेळ हातची जाते. धुण्याने लस टळत नाही. ती त्याच दिवशी सुरू करावी लागते. रक्त आलं असेल तर तयार प्रतिपिंडांचं औषध, रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. टाके शक्यतो टाळतात. घालावेच लागले तर ते औषध टोचल्यावर, तेही सैल.