उघड्या राहिलेल्या एका जखमेचा इतिहास

निरोगी शरीर आपलें काम मुकाट्यानें करितें. म्हणूनच तें कसें चालतें हें आपणांस सहसा उमगत नाहीं. रोगानें वा जखमेनें त्यांत बिघाड झाला, म्हणजे मात्र आंतील व्यवहार उघडा पडतो. पचनक्रियेच्या ज्ञानाचा इतिहास याची साक्ष देतो.

६ जून १८२२ रोजीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडांतील तरुण मजुरास अगदीं जवळून बंदुकीचा बार लागला. बरगड्या मोडल्या, जठरास भोंक पडलें. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें त्यास वांचविलें. प्रथम खाल्लेलें अन्न जखमेवाटे बाहेर पडे. पुढें जठराच्या अस्तराचीच एक घडी भोंकावर पडद्यासारखी बसली व अन्न आंत राहूं लागलें. सेंट मार्टिन पुन्हां कष्टाचीं कामें करूं लागला; भोंक मात्र कधींच बुजलें नाहीं.

१८२५ सालीं बोमाँटनें प्रयोग आरंभिले. रेशमी दोऱ्यास मांस, पाव, कोबी बांधून तो भोंकांतून आंत सोडी व तासातासानें ओढून पाही. बाहेर काढलेला जठररस शरीराइतक्या उबेंत ठेविला असतां त्यांतहि मांस विरघळे. पचन म्हणजे नुसतें घुसळणें नव्हे, ती रासायनिक क्रिया आहे, हें यावरून दिसून आलें. ताप आला कीं रस आटे, अस्तर लाल व कोरडें होई. राग आला कीं जठरांत पित्त उतरे. आजाऱ्यास अन्न कां पचत नाहीं, याचें एक कारण असें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावयास मिळालें. हे सारे प्रयोग बोमाँटनें १८३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

पण ज्याच्या देहावर हें घडलें, त्याचें काय? १८३२ च्या करारानें त्यास वर्षाचे १५० डॉलर व अन्नवस्त्र कबूल झालें होतें. पोटाच्या गरजेपायीं त्यानें तो मान्य केला, आणि पुढें कंटाळून घरीं गेला तो बोमाँटनें अनेकदां बोलावूनहि परतला नाहीं. १८८० सालीं तो वारला, तेव्हां डॉक्टरांस शव उघडतां येऊं नये म्हणून घरच्यांनीं तें कुजूं दिलें व आठ फूट खोल पुरलें.

त्या कुटुंबास अडाणी म्हणणें सोपें आहे. परंतु माणसाच्या व्यथेंतून ज्ञान मिळवावयाचें, तर त्याची राजीखुषी आधीं विचारली पाहिजे. एवढी गोष्ट वैद्यकशास्त्रास उमगावयास त्यानंतरहि फार वर्षें लागलीं.